नवव्या ट्रेची साक्ष

१

"काका, तुमच्या मंडळात वर्षभर नुसता चहाच होतो, की काही उगवतं पण?"

हा प्रश्न माझा नाही! म्हणजे विचारला मीच, माइक हातात घेऊन, पण पैज माझ्या मैत्रिणींची होती, सारिका आणि ऋतिकाची. जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीतल्या 'अंकुर बाग मंडळा'ची वार्षिक सभा, शनिवारी संध्याकाळी पाचला, ओपन स्पेसमधल्या सभागृहात. शब्दसुद्धा बदलायचा नाही, अशी अट. हरले असते तर दहावीचं वर्ष सुरू होईपर्यंत त्या दोघींच्या सायकली पुसाव्या लागल्या असत्या.

गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला "येस मॅडम" पण पुटपुटायचे. मग जानेवारीत वक्तृत्वात तिसरी आले, आणि आता मला गप्प कसं बसायचं तेच आठवत नाही.

बरं, स्टेजवरचे हे 'काका' कोण? मंडळाचे सचिव, रविंद्र तायडे. म्हणजे माझे बाबा!

सभागृहात असा काही हशा झाला म्हणता! आईने पदर तोंडाला लावला. मागून ऋतिका खिंकाळली. बाबांचे कान लाल झाले, पण दीपनगरच्या वीजकेंद्रात रोज शंभर माणसांशी बोलणारा माणूस, असा थोडाच हरणार? त्यांनी मागच्या फळ्यावर टिचकी मारली. फळ्यावर वर्षाचा बेत लिहिला होता. जूनमध्ये घरोघरी रोपवाटप, जुलैमध्ये ओल्या कचऱ्याचं खत, सप्टेंबरात एकमेकांच्या गच्च्या बघायची फेरी, जानेवारीत फुलांचं प्रदर्शन. आणि या सगळ्यात मोठ्या अक्षरांत, डिसेंबर: भरीत पार्टी, मंडळाच्या स्वतःच्या वांग्यांची.

"तायडे मॅडम," बाबा मला म्हणाले (घरी मी 'समू' असते), "चला वर गच्चीवर. काय उगवतं ते दाखवतो."

पन्नास माणसं जिना चढली. मी सगळ्यात पुढे. हिरव्या जाळीखाली रोपांचे चोवीस ट्रे होते, आठ-आठच्या तीन रांगा.

पहिली रांग मेलेली होती.

२

मेलेली म्हणजे अगदी आडवी! पानं गळून मातीला चिकटलेली, काळपट, मऊ. कढईत टाकून नुकतीच काढलेली मेथी कशी दिसते, तशी. आठच्या आठ ट्रे. मागच्या दोन रांगांमधली मिरची आणि टोमॅटो मात्र ताठ उभे.

"वांगीच गेली," दिपमाला काकू म्हणाल्या. "नेमकी वांगीच!"

ही वांगी साधी नव्हती. भिकन आबा कॉलनीतल्या सगळ्या बागांची कामं करतात, गेली तीस वर्षं. त्यांची बायको, झुंबरबाई आजी, दरवर्षी भरताच्या वांग्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मडक्यात जे शेवटचं बी उरलं होतं, ते आबांनी या वर्षी मंडळाला दिलं होतं.

आबा गर्दीच्या मागे उभे होते. हातात झारी. त्यांनी एक रोप बोटाने उचलून बघितलं, आणि ते बोटावरच वाकलं.

"विष," बाबा म्हणाले. "कोणीतरी फवारलंय. आज सकाळी पंप घेऊन गच्चीवर कोण होतं?"

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. कारण सगळ्यांना माहीत होतं. मागच्याच महिन्यात मंडळाने ठरवलं होतं की जूनपासून गच्चीवर ठिबक बसवायचं, आपोआप चालू-बंद होणारं. आबांना सांगून टाकलं होतं, आता रोज यायची गरज नाही, आठवड्यातून एकदा या. तेव्हा आबा झारी खाली ठेवून निघून गेले होते.

"राग काढला म्हातारबाने," कोणीतरी कुजबुजलं.

"मी कशाले मारसू?" आबा एवढंच म्हणाले. "बी मन्ही झुंबरबाईनं शे."

पण बाबांनी जाहीर करून टाकलं. सोमवारी संध्याकाळी सहाला खास सभा. भिकन यांना कामावरून कमी करण्याचं पत्र तिथे वाचलं जाईल, आणि कॉलनीतल्या सगळ्या घरांनाही तसं कळवलं जाईल. म्हणजे आबांना पिंप्राळ्यात एकही फाटक उघडणार नाही!

लोक उतरायला लागले. मी नाही उतरले. मला त्या मेलेल्या रांगेत काहीतरी खुपत होतं. मी जाळीखाली वाकून एक-एक ट्रे बघत गेले. मिरचीच्या मातीत बोट घातलं, टोमॅटोच्या घातलं, आणि तिसऱ्या रांगेच्या अगदी टोकाला पोचले.

तिथला शेवटचा ट्रे टोमॅटोचा नव्हताच.

वांगी होती ती! पहिल्या रांगेत न मावलेला नववा ट्रे. पन्नास रोपं, आणि एकूण एक टवटवीत.

३

"हे बघा," रविवारी सकाळी मी सारिका आणि ऋतिकाला आमच्या ओट्यावर बसवून सांगितलं. "वांग्यांवर राग असणाऱ्याने नववा ट्रे का सोडला?"

"दिसला नसेल," सारिका म्हणाली.

"बरं. मग दुसरं. काल पाच वाजता सगळ्या ट्रेची माती ओली होती. चिकचिकीत ओली! आबा पाणी घालतात सकाळी सहाला. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकेल का?"

"आमची चादर दहा मिनिटांत वाळते भो," ऋतिका म्हणाली.

"म्हणजे दिवसा कोणीतरी वर जाऊन पाणी घातलंय. आणि कोणीच तसं बोललं नाही!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग सारिका म्हणाली, "समे, तू जाम डेंजर झालीयेस हं."

पहिले आम्ही आबांकडे गेलो. ते खोलीबाहेर बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले, मीच म्हटलं, बसा हो आबा.

"काल तुम्ही काय फवारलं?"

"लिंबोळीना अर्क. सकायमा बठ्ठा ट्रेस्ले पानी दिधं, अर्क मारा, नि घर गऊ."

"सगळ्या ट्रेवर? चोवीसच्या चोवीस?"

"एक बी सोडा नही."

मी ऋतिकाला कोपर मारलं. फवारा सगळ्यांवर पडला, आणि मेले फक्त आठ. मग फवाऱ्याचा काय संबंध?

"आबा, तुम्ही हे काल सांगितलं का नाही?"

आबा हसले, पण बरं वाटेल असं नाही. "मोठा मानसे म्हनतस तेच खरं ऱ्हास, बेटा."

तिथून तडक प्रेमराज नानांकडे. नानांच्या अंगणात साठ प्रकारचे निवडुंग आहेत आणि नानांच्या बोटांना कायम पट्ट्या असतात. गच्ची निवडुंगांसाठी द्यावी म्हणून दोन वर्षं ते सभेत भांडतायत.

"वांगी बाजारात मिळतात!" मी तोंड उघडायच्या आतच ते सुरू झाले. "हा गोल्डन बॅरल बघ. हा मिळतो का बाजारात?"

"नाना, काल तुम्ही गच्चीवर गेला होतात?"

मी हे असंच अंधारात फेकलं होतं. पण नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"कोणी सांगितलं तुला?"

"गेला होतात ना?"

"मापं घ्यायला गेलो होतो गं! आपलं म्हणणं पटलं कधी सभेला, तर तयारी असावी. हे बघ, फोटो आहेत." त्यांनी फोन पुढे केला. गच्चीवर पसरलेली टेप, आणि मागे ट्रेची पहिली रांग. वांग्यांनी उन्हाने माना थोड्या खाली घातल्या होत्या, पण उभी होती, हिरवी होती. माती पांढरी, कोरडी. फोटोची वेळ अकरा चाळीस.

"नाना, हा फोटो मला पाठवा. आत्ता!"

"माझं नाव पुढे येणार नाही ना?"

"तुमचा फोटोच तुम्हाला सोडवतोय नाना," मी म्हटलं, आणि आम्ही तिघी पळालो. अकरा चाळीसनंतर आणि पाचच्या आधी. पण कोणी? आणि मुळात कशाने?

४

दुपारी एकला आम्ही गच्चीवर गेलो. किल्ली खालच्या व्हरांड्यात खिळ्यालाच असते, सगळ्या कॉलनीला माहीत आहे. स्लॅबवर पाय टेकवत नव्हता. काळी टाकी, टाकीचा नळ, नळाला जोडलेला लांबलचक काळा पाइप उन्हात पसरलेला. ट्रे चाचपून माझे हात मातीने भरले होते, म्हणून मी नळ सोडला आणि पाइपचं तोंड हातावर धरलं.

"आई गं!"

भाजलं! खरंच भाजलं, चहा सांडल्यासारखं. ऋतिका म्हणाली, "येडी आहेस का, मे महिन्यात पहिलं पाणी कोणी हातावर घेतं? आधी सोडून द्यायचं असतं ना!"

आणि मी तिथेच थिजले. हातावर फुंकर मारायची पण विसरले.

"ऋतिका. परत बोल."

"काय?"

"पहिलं पाणी!"

पाइपमध्ये अडकलेलं पाणी तासन्‌तास उन्हात तापतं. ते जाईपर्यंत उकळतं येतं, मग टाकीचं कोमट सुरू होतं. नळाच्या सगळ्यात जवळ कोण होतं? पहिली रांग! वांगी ही वांगी होती म्हणून मेली नाहीत. ती नळाजवळ होती म्हणून मेली. मिरचीपर्यंत पोचेस्तोवर पाणी निवलं. आणि नवव्या ट्रेला तर सगळ्यात शेवटी मिळालं.

"विष नव्हतंच," सारिका हळूच म्हणाली. "उकडली बिचारी."

पण वक्तृत्वात मॅडम सांगतात, नुसतं म्हणू नका, पटवा. आम्ही नळ बंद करून अर्धा तास जिन्यात बसलो, पाइप तापू दिला. सारिकाने धावत जाऊन घरून ताप मोजायचा थर्मामीटर आणला. पहिल्या पाण्यात धरला, तर त्याने आकडा दाखवायचंच सोडून दिलं आणि नुसता 'H' दाखवला. "हाय राम असेल त्याचं," ऋतिका म्हणाली आणि आम्ही उन्हात पोट धरून हसलो.

टोमॅटोचं एक रोप मी वेगळ्या कपात घेतलं होतं, त्याच्यावर पहिलं पाणी घातलं. दुसऱ्या कपातल्या रोपावर, पाच मिनिटं पाणी वाहून गेल्यावरचं. वीस मिनिटांत पहिलं आडवं. काळपट, मऊ, मेथीसारखं. दुसरं मजेत. तिघींनी तीन फोनवर तिन्ही बाजूंनी व्हिडिओ काढला.

आबा सुटले! मी तर नाचायलाच लागले. पण सारिका पाणी जायच्या भोकाजवळ उकिडवी बसली होती.

"समे, काल तू इथला फोटो काढलास ना?"

काढला होता. मी कालच्या संध्याकाळी सगळ्या गच्चीचेच काढले होते. फोटोत त्या भोकाजवळ धुळीचा थर होता, आणि धुळीत चिमण्यांच्या पायांची नक्षी. एक थेंबही तिथून वाहिला नव्हता.

"जळगावात असा कोण आहे," सारिका म्हणाली, "जो मेमध्ये पहिलं पाणी सोडून देत नाही?"

माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. खरं सांगते, तेव्हा नाही आलं.

५

दिपमाला काकूंच्या कुरडया आठवडाभर त्याच गच्चीवर वाळतायत. मला वाटलं, त्यांनी कोणाला तरी बघितलं असेल.

काकू डबे भरत होत्या. आम्हाला बघून तिघींच्या हातावर एकेक कच्ची कुरडई ठेवली. "खा. आणि ही बघ, एका बाजूच्या सगळ्या भिजल्या काल! कोणी पाणी उडवलं देव जाणे. चार वाजता मी गोळा करायला गेले तर साडीची कड ओली."

"तुम्हाला रोपं दिसली?"

"छे गं. मला माझ्या कुरडयांचं पडलं होतं."

"आणि त्याच्या आधी कधी गेलात?"

"सकाळी घातल्या तेव्हा. बारा ते साडेतीन मी लग्नात. जेवणाची पंगत उठता उठेना."

"मग दुपारी कोणीच वर गेलं नाही?"

"गेलं ना." काकूंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "कुरडया परतायला कोणीतरी हवं होतं, दोन वाजता. मी सविताला सांगून गेले होते."

सारिका माझ्याकडे बघेना. ऋतिका कुरडईकडे बघत राहिली.

सविता म्हणजे माझी आई.

६

मी घरी आले तेव्हा साडेपाच वाजले होते. आई ओट्याशी होती. तिने सिंकचा नळ सोडला, त्यातून गरम पाणी आलं, आणि तिने पटकन खाली पातेलं धरलं. पातेलं भरलं, मग बादली सरकवली. ती हे रोज करते. मी जन्मल्यापासून बघतेय! आई धुळ्याची. तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत आठ-आठ दिवसांनी नळ यायचा, आणि पाणी सांडलं तर आजी जेवायला वाढायची नाही. बाबा तिला अजून चिडवतात, "धुळ्याची बँक, थेंब थेंब साठवते."

थेंबही न सांडणारं जळगावातलं माणूस माझ्याच स्वयंपाकघरात उभं होतं.

बाबा बाहेरच्या खोलीत सोमवारचं पत्र वाचून बघत होते. मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, दोघं बसा. माझा आवाज कसा होता कोणास ठाऊक, दोघं खरंच बसले.

मी सगळं सांगितलं. ओली माती, नानांचा फोटो, पाइप, थर्मामीटर, धूळ. व्हिडिओ दाखवला. बाबांनी तो दोनदा बघितला. मग मी आईकडे वळले.

"आई, काल दोन वाजता तू वर गेली होतीस."

आईने हातातलं फडकं घट्ट धरलं.

"कुरडया परतायला गेले होते," ती म्हणाली. "रोपं माना टाकून उभी होती गं. मला वाटलं, तहानली. पाइप इतका तापला होता की पदराने धरावा लागला. पाणी कसं येतंय ते मला कळलंच नाही समू. आणि खाली सोडून द्यायचं माझ्या हातून होत नाही." ती थांबली. "संध्याकाळी हे विष म्हणाले. मलाही तेच वाटलं, माझ्या मागून कोणी आलं असेल. मी वर होते असं सांगितलं असतं, तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. जसं आबांकडे बघितलं."

"सविता, वेडी की काय तू?" बाबा म्हणाले. पण ओरडले नाहीत. पत्र त्यांच्याच हातात होतं, आणि त्यांनी त्याची घडी घातली, मग आणखी बारीक घडी घातली. "ठीक आहे. पत्र रद्द. सोमवारी सांगतो, उन्हाने गेली रोपं. विषय संपला. भिकन येतील कामावर."

"आणि लोक?"

"लोकांचं काय?"

"बाबा, पन्नास माणसांसमोर तुम्ही विष म्हणालात. नुसतं उन्हाने गेली म्हटलं तर सगळे म्हणतील, तायडेंनी म्हाताऱ्यावर दया केली. आबांना फाटकं उघडतील, पण मागे कोणीतरी लक्ष ठेवून उभं राहील. तीस वर्षांत पहिल्यांदा!"

"अगं, पण तुझी आई आहे ती," बाबा म्हणाले. "सभेत तिचं नाव घेणार? सचिवाच्या घरातलं?"

नळ नीट बंद झाला नव्हता, आणि पातेल्यात टपटप चालू होती. मी उठून नळ घट्ट बंद केला. माइक हातात घेतल्यावर होतं तसंच वाटत होतं, भीती आणि मजा एकत्र.

"नववा ट्रे अजून आहे," मी म्हटलं. "पन्नास वांगी. डिसेंबरचं भरीत होणार, आणि पुढच्या वर्षीचं बी आबा धरणार. हे मी सभेत सांगणारच आहे. पण त्याच्या आधी मी उद्या दुपारी दीडला सगळ्या मंडळाला गच्चीवर बोलावणार. बाबा, तुम्ही सगळ्यात पुढे उभे राहायचं, आणि पाइपच्या पहिल्या पाण्याखाली हात धरायचा. मग मी सांगणार की दोन वाजता पाणी माझ्या आईने घातलं. रोपं तहानलेली दिसली म्हणून घातलं, हेही सांगणार. आणि मग सगळ्यांसमोर आबांची माफी मागणार, आपल्या तिघांच्या वतीने. आई, माझ्या आधी तू बोललीस तर मी गप्प बसेन. नाही बोललीस तर मी बोलेन. तुम्हाला विचारत नाहीये मी. माझं ठरलंय."